किवा: शंभर डॉलर, चार कर्जं आणि दीड वर्ष

साठाव्या वाढदिवसाला मुलीने किवाचं शंभर डॉलरचं गिफ्ट कार्ड पाठवलं. सोबत दोन ओळी: ‘बाबा, रिटायर झालात तरी कर्ज वाटायची सवय सुटायची नाही. आता जगभर वाटा.’ सत्तावीस वर्षं बँकेत शेतीकर्जाचं टेबल सांभाळलेल्या माणसाने यावर काय बोलावं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. किवा ही 2005 साली अमेरिकेत सुरू झालेली बिननफ्याची संस्था. साइटवर युगांडा, फिलिपिन्स, किर्गिझस्तान अशा ठिकाणच्या गरजूंचे फोटो आणि त्यांची गरज असते. आपण 25 डॉलरसारखी छोटी रक्कम घालायची, आपल्यासारख्या बऱ्याच जणांचे मिळून एक कर्ज उभं राहतं. परतफेड होईल तसे पैसे खात्यात येतात आणि पुन्हा दुसऱ्याला देता येतात. आपल्याला व्याज शून्य.

बहुतेक लोक फोटो बघून कर्ज निवडत असावेत. माझी नजर सवयीने पहिली गेली ती परतफेडीच्या वेळापत्रकावर. शेतकऱ्याला पैसे दिले आणि पुढच्याच महिन्यापासून हप्ता सुरू, असं दिसलं की मी पुढे सरकतो. मक्याला दरमहा कणीस लागत नाही. मग तो हप्ता कशातून जातो? घरातली शेळी विकून, नाहीतर दुसरीकडून उसने घेऊन. डुकरं पाळणाऱ्या किंवा दूध घालणाऱ्या बाईला मासिक हप्ता चालतो, कारण तिच्याकडे पैसा येत राहतो. पिकावरचं कर्ज मात्र हंगामाच्या शेवटी फिटणारं हवं. किवावर ही माहिती प्रत्येक कर्जाच्या पानावर मिळते, त्याचे पूर्ण गुण.

माझ्या चारांपैकी एक कर्ज पश्चिम केनियातल्या मका पिकवणाऱ्या गटाचं होतं, वन एकर फंडामार्फत दिलेलं. किवा स्वतः गावात जात नाही, तिथल्या अशा संस्था कर्ज देतात आणि वसूल करतात. वन एकर फंड 2006 साली त्याच भागात सुरू झाला. त्याच्याबद्दल वाचायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. हातात रोकड न देता ते पावसाआधी गावाजवळ बी आणि खत उधारीवर पोचवतात. दोरी लावून अंतर मोजून पेरायचं कसं, प्रत्येक खड्ड्यात खत किती घालायचं, हे शेतात उभं राहून शिकवतात. परतफेड हंगामभरात जमेल तेव्हा जमेल तेवढी, मुदतीत पूर्ण झाली म्हणजे झालं. (हा प्रस्ताव मी आमच्या साहेबांपुढे ठेवला असता तर पुढचे सहा महिने त्यांनी मला तेच ऐकवलं असतं.)

पण मला खरा धडा मिळाला तो याच शेतकऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासातून. अर्थशास्त्रज्ञ मार्शल बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2019 मध्ये छापून आला. कापणीला मका स्वस्त असतो, पण हाताशी पैसा नाही, शाळेची फी तोंडावर, म्हणून शेतकरी तेव्हाच विकतो. पुढे घरचा मका संपला की तोच मका चढ्या भावाने विकत घेतो. संशोधकांनी काही जणांना कापणीच्या वेळी कर्ज दिलं. त्यांनी मका साठवला, भाव चढल्यावर विकला आणि पदरात जास्त पडलं. एकाच भागात पुष्कळ जणांनी साठवला तेव्हा तिथल्या बाजारातला चढउतारच कमी झाला, त्यामुळे एकेकट्याचा फायदा थोडा घटला, हेही त्यांनी नोंदवलंय. आमच्या टेबलावर कापणी म्हणजे वसुलीचे दिवस. तेव्हा नवीन कर्ज द्यावं, हे सत्तावीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. आपण पैसे घालतो तेव्हा बहुतेक वेळा कर्जदाराला कर्ज आधीच मिळालेलं असतं. 2009 मध्ये छोट्या कर्जांचे अभ्यासक डेव्हिड रूडमन यांनी यावर लिहिल्यावर किवाने ते अधिक उघडपणे सांगायला सुरुवात केली. मला त्यात वावगं वाटत नाही, मी फोटो चाळत बसेपर्यंत पाऊस थांबणार आहे का? दुसरं, शून्य व्याज आपल्याला, कर्जदाराला नव्हे. तिथल्या संस्था व्याज घेतात, आणि छोट्या कर्जावर वसुलीचा खर्च जास्त असल्याने तो दर बघून दचकायला होतं. तिसरं, तिथलं चलन घसरलं तर तोट्याचा काही भाग आपल्या माथी येऊ शकतो. माझ्या एका कर्जात पंचवीसचे तेवीस डॉलर आणि काही सेंट परत आले. ही अट आधीच लिहिलेली होती, मीच वाचली नव्हती. कर्जाची कागदपत्रं नीट वाचा, असं आयुष्यभर दुसऱ्यांना सांगणारा मी!

आणि एक सूचना. कर्जासोबत सल्ला मिळतो का, मिळाला तर शेतात की नुसता कागदावर, हे रकमेशेजारीच ठळक दिसायला हवं. आत्ता ते संस्थेच्या माहितीत शिरून शोधावं लागतं.

पाचपैकी चार तारे. केनियाचं कर्ज फिटलं, डुकरांचे हप्ते वेळेवर आले, कॉफीचं कर्ज शेवटी एकदम फिटणार आहे. काल मुलीने विचारलं, त्या केनियाच्या फोटोत कोण कोण होतं? मला एकही चेहरा आठवेना. मुदतीची तारीख मात्र लगेच सांगितली.