बाळाच्या प्रगतीची नोंद कशात ठेवायची: कार्ड, ॲप, वही की टेस्ट?

डाऊन सिंड्रोम, सीपी (सेरेब्रल पाल्सी), ऐकण्याचा प्रॉब्लेम किंवा खूप आधी जन्मलेलं बाळ घरात असलं की कोणीतरी डॉक्टर नाहीतर थेरपिस्ट सांगतातच, "नोंद ठेवत जा." कशात ठेवायची ते मात्र कोणी सांगत नाही. आमच्या पिल्लाला डाऊन सिंड्रोम आहे आणि इथे नाशिकमध्ये सहज मिळणाऱ्या चारही गोष्टी आम्ही वापरल्यात, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: निदान झालेलं असेल तर रोजच्या कामाला वहीच, बाकीचं सगळं तिच्या जोडीला.

आधी ते सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड. बऱ्याच जणांना वाटतं ते फक्त लसींसाठी असतं, पण 2018 पासूनच्या कार्डात कोणत्या वयाला बाळ काय करतं आणि काय दिसलं नाही तर दाखवायला न्यायचं हेही दिलंय. फुकट आहे, मराठीत आहे, आजीलाही वाचता येतं, हे काही कमी नाही. प्रायव्हेटमध्ये डिलिव्हरी झालेल्यांकडे नुसती हॉस्पिटलची फाइल असते, त्यांनी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. अडचण एकच, त्यातल्या पायऱ्या फार उंच आहेत. बसणं आणि उभं राहणं यांच्या मध्ये आमच्यासारखी मुलं महिनोन् महिने घालवतात, तेवढ्या काळात कार्ड कोरंच राहतं आणि घरच्यांना वाटतं काहीच होत नाहीये.

ॲपमध्ये सगळ्यात जास्त चालतं ते अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं माइलस्टोन ट्रॅकर. 2 महिने ते 5 वर्षं, कोणती गोष्ट कशी दिसते त्याचे फोटो-व्हिडिओ असतात, पण इंग्रजी आणि स्पॅनिशमध्येच आहे. यांनी 2022 मध्ये यादी बदलली, आता त्या वयाची 75 टक्के किंवा जास्त मुलं जे करतात तेच त्यात ठेवलंय, म्हणजे एखादी गोष्ट राहिली तर "अजून दोन महिने बघू, याचे बाबा पण उशिराच बोलले होते" असं म्हणत बसायचं नाही. रांगणं यादीतून काढलं म्हणून बरीच ओरड झाली होती, ते असो. ज्यांना नुसती शंका आहे, निदान नाही, त्यांच्यासाठी हे मस्त आहे. पण आपल्याला माहितीच आहे की बाळ मागे आहे, मग दर वेळी तेच "डॉक्टरांशी बोला" वाचून डोकं फिरतं, दुसरं काही नाही.

एक गोष्ट कार्ड, ॲप, वही सगळीकडे लागू. बाळ आधी जन्मलं असेल तर वय दुरुस्त करून धरा. 32 आठवड्यांचं बाळ 8 आठवडे आधी आलं, तर 10 महिन्यांचं झाल्यावर त्याला 8 महिन्यांचं समजायचं, साधारण 2 वर्षांपर्यंत.

आता वही. मेन रोडवर मिळते ती साधी दोनशे पानी चालते. दर पानावर एकच गोष्ट आणि तीन रकाने: दिसायला लागलं, कधीकधी करतो, नेहमी करतो, प्रत्येकात तारीख. आणि खाली मदत किती लागली ते, हे सगळ्यात महत्त्वाचं. "चमच्याने खातो" असं लिहून उपयोग नाही. आमच्या वहीत आहे ते असं: चमचा मुठीत धरतो, वरणभात आपण भरून द्यायचा, तोंडापर्यंत नेतो, मनगट वळत नाही, अर्धा लाळेऱ्यावर. पुढच्या नोंदीत: कोपराला नुसता हात लावला की मनगट वळतं. कार्डावर आणि ॲपवर या दोन्ही वेळी उत्तर "नाही" असंच येतं, पण थेरपिस्टने वाचलं आणि लगेच जाड दांड्याचा चमचा सुचवला. बोलण्याचंही तसंच, सिटीलिंकची बस दिसली की "ब" म्हणतो, दुसऱ्या कशाला म्हणत नाही, म्हणजे तो शब्दच झाला की, लिहा. तोटा हा की शिस्त लागते, आणि आई दमलेली असली की पानं कोरी राहतात, म्हणून रोज लिहूच नका, रविवारी बसा. आणि वही तुम्हाला कधीच सांगणार नाही की बाळ नक्की कितीने मागे आहे.

ते सांगते टेस्ट. आपल्याकडे 30 महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी डीएएसआयआय (DASII) नावाची विकासाची टेस्ट वापरतात, बडोद्याच्या मुलांवर बेतलेली, प्रमिला फाटक यांनी तयार केलेली. हालचालींचे 67 आणि बुद्धीचे 163 टप्पे, त्यावरून विकासाचं वय काढतात, मग त्याला खऱ्या वयाने भागून शंभरने गुणतात. शिकलेल्या माणसानेच करायची असते, आणि त्या दिवशी बाळ झोपेत किंवा चिडलेलं असेल तर आकडा पडतो, म्हणून वही सोबत न्या आणि घरी काय करतो ते दाखवा. खासगीत फी आधी विचारून घ्या. 2013 पासूनच्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) या सरकारी योजनेत जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि थेरपी मोफत असते, त्यासाठी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये विचारा, किंवा अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेची टीम येते त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या.

म्हणजे शंका असेल तर कार्ड आणि ॲप, निदान झालं असेल तर वही, आणि साधारण सहा महिने-वर्षाने टेस्ट, थेरपिस्ट म्हणतील तसं. फक्त येत असलेली गोष्ट बाळ करेनासं झालं, शब्द गेले, नजर देईनासं झालं, तर वहीत लिहून पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.