कुरसुराचं पाणी: रेझिन ओतावं की जेलने घडवावं?

आयएनएस कुरसुरा ह्या पाणबुडीचं १/३५० मापाचं मॉडेल मी दोनदा केलं. पहिलं पारदर्शक एपॉक्सी रेझिनच्या पाण्यात बसवलं, दुसरं फोमवर ॲक्रिलिक जेल चढवून घडवलेल्या समुद्रात. दोन्ही आज एकाच कपाटात शेजारी शेजारी आहेत. तुमची पाणबुडी जोडून, रंगवून तयार असेल आणि आता पाण्यापाशी येऊन हात थांबला असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं. रेझिन आणि हार्डनर कसे मिसळायचे, जेल म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी रेझिनची ओढ का वाटते ते सांगतो, कारण ती मलाही होतीच. विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर कुरसुरा २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. १९६९ मध्ये नौदलात आलेली, सोव्हिएत बनावटीची, फॉक्सट्रॉट वर्गातली पाणबुडी. ९१ मीटरची ती अख्खी काया जमिनीवर पाहिली की एरवी पाण्यात बुडालेला भाग किती मोठा असतो ते पहिल्यांदा उमगतं. ह्या वर्गाला मागे तीन पंखे असतात. मॉडेलमध्ये ते तिन्ही नीट घासून, पितळी रंग देऊन बसवले आणि वरून अपारदर्शक समुद्र ओढला, तर ती मेहनत कायमची झाकली जाते. पारदर्शक पाण्यात ती दिसते. रेझिनच्या बाजूने हा एकच मुद्दा खरा वजनदार आहे, आणि तो मी आजही नाकारत नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय फिरवला ती.

फॉक्सट्रॉटच्या बाहेरच्या कवचावर दोन्ही बाजूंनी लांबच लांब भोकांच्या रांगा आहेत. आतलं कवच पाण्याचा दाब सोसतं. बाहेरच्या कवचात आणि डेकखाली पाणी मोकळं आत-बाहेर करतं, त्यासाठी ही भोकं. ह्या पाणबुडीची ओळखच त्या रांगांमध्ये आहे. किटमध्ये ती नुसती खोलगट कोरलेली होती. मी दोन संध्याकाळ बसून ०.४ मिलिमीटरच्या ड्रिलने एकेक आरपार उघडली. फार सुंदर दिसू लागली.

रेझिनचा पहिला थर भोकांच्या खालपर्यंतच होता, तो काचेसारखा बसला. दुसरा थर रात्री ओतला. वर आलेले बुडबुडे हॉट एअर गनने फोडले, धूळ पडू नये म्हणून वर खोका उपडा घातला आणि निर्धास्त झोपलो. सकाळी खोका उचलला, तर पाणबुडीच्या दोन्ही अंगांनी बुडबुड्यांच्या माळा गोठलेल्या. प्रत्येक भोकापाशी एक, कुठे दोन-तीन एकाखाली एक. झालं असं की मॉडेल आतून पोकळ. रेझिन घट्ट होताना गरम होतं, त्या उष्णतेने आतली हवा फुगली आणि सुटायला तिला मी स्वतः उघडलेली वाट होतीच. ओतल्यावर पहिल्या तासात सुटलेले बुडबुडे वर येऊन फुटतात. मात्र रेझिन मधासारखं दाट झाल्यावर जे सुटतात ते तिथेच अडकतात, आणि तेव्हा आपण झोपलेलो असतो.

एखाद्याला वाटेल, बुडबुडेच तर आहेत, पाण्यात असतातच. पण शांतपणे पृष्ठभागावर चालणाऱ्या पाणबुडीच्या अंगातून अशी हवा सुटत नाही. बुडी मारताना टाक्यांमधली हवा वरच्या झडपांतून जाते आणि पाणी खालून आत येतं. म्हणजे माझ्या देखाव्यात पाणबुडी काहीतरी भलतंच करत होती. पाणबुड्यांची आवड असलेल्या माणसाला ते खुपतंच. आणि हे दुरुस्त करता येत नाही. रेझिन घट्ट झालं की झालं. बुडबुडा काढायचा तर वरून ड्रिल करायचं, पुन्हा थेंब भरायचा, आणि त्या थेंबाची कड पुन्हा दिसते. मी तीन ठिकाणी करून पाहिलं, मग सोडून दिलं.

ह्यावर उपाय आहे, तोही सांगायला हवा. कवचाचे दोन भाग चिकटवण्याआधी आतली पोकळी एपॉक्सी पुट्टीने ठासून भरायची, भोकांना आतून पाठ द्यायची आणि सगळ्या जोडांवर वार्निशचा हात फिरवायचा. हे केलं तर त्रास बराच कमी होतो. एका जुन्या, टाकाऊ कवचावर मी असा प्रयोग केला, तरी कॉनिंग टॉवरच्या, म्हणजे डेकवरच्या बुरुजाच्या, बुडापाशी दोन बुडबुडे आलेच. कुणाचा हात माझ्यापेक्षा काटेकोर असेल तर तेही येणार नाहीत. पण तुमचं मॉडेल आधीच जोडून झालं असेल, तर ही वाट बंद झाली असं धरा.

रेझिनचे बाकीचे त्रास थोडक्यात. ते पाणबुडीच्या अंगावर किंचित वर चढतं आणि तसंच घट्ट होतं. चढ जेमतेम एक मिलिमीटर असतो, पण ह्या मापात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या पाणबुडीवर ३५ सेंटिमीटर, आणि मॅट काळ्या रंगावर तो चकचकीत पट्टा लांबूनही दिसतो. जहाजाची बाजू उभी असते. पाणबुडीचं अंग गोल, पाण्याला तिरकं भिडणारं, त्यामुळे इथे तो पट्टा जास्त रुंद होतो. शिवाय आमच्या ठाण्याच्या हवेत जून ते सप्टेंबर रेझिन ओतूच नये, दमटपणामुळे हार्डनर वरच्या अंगाला पांढुरका, तेलकट थर सोडतो. वजनाचंही बघा. ३६ बाय १२ सेंटिमीटरच्या बैठकीवर तीन सेंटिमीटर उंची म्हणजे जवळपास १.३ लिटर रेझिन, म्हणजे सुमारे दीड किलोचा ठोकळा. खर्चाचं वेगळं सांगायला नको.

जेलची पद्धत उलट्या टोकाने सुरू होते. निळ्या एक्सपीएस फोमच्या (थर्माकोलसारखा, पण जास्त घट्ट) तुकड्यात पाणबुडीच्या आकाराची खाच कापायची. पाणरेषेपर्यंतचा भाग, म्हणजे ह्या मापात साधारण १७ मिलिमीटर, आत बसतो. लाटा सुरीने आणि सँडपेपरने आधीच कोरून घ्यायच्या. त्यावर पातळ केलेल्या फेव्हिकॉलने टिश्यू पेपर चिकटवायचा. त्याला पडणाऱ्या बारीक चुण्या ह्या मापात वाऱ्याने उठलेल्या लहरींसारख्या दिसतात, ते मुद्दाम करून जमत नाही. मग रंग, मग ग्लॉस जेलचे पातळ हात. इथे मापाचा हिशेब मात्र सोडू नका. दीड मीटरची लाट म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर. माझ्या पहिल्या फोमवर लाटा बोटभर उंच झाल्या होत्या, म्हणजे खऱ्या समुद्रात पाच-सहा मीटरच्या. पण फोम पुन्हा घासला आणि अर्ध्या तासात काम झालं.

हा अर्धा तासच माझ्या मते सगळा फरक आहे. जेलमध्ये चूक झाली तर ओल्या ब्रशने पुसता येते, वाळलेली सुरीने सोलून काढता येते. पुढच्या टोकाशी फुटणारी लाट मी चार वेळा केली. फॉक्सट्रॉटचं टोक आजच्या पाणबुड्यांसारखं बोथट, गोल नाही, जहाजासारखं आहे. पृष्ठभागावर ती सुमारे १६ नॉटपर्यंत धावायची, तेव्हा पाणी दोन्हीकडे कापलं जायचं. ते कापलं जाणं जेलमध्ये दाखवता येतं. ओतलेलं रेझिन स्वभावाने सपाट बसतं, त्यावर लाट हवी तर शेवटी जेलच लावावं लागतं. मागे तीन पंख्यांनी घुसळलेला पांढरा पट्टा मी जवळजवळ कोरड्या ब्रशने, पांढऱ्या रंगाने काढला. पंखे झाकले गेले, पण ते फिरताहेत हे त्या पट्ट्यावरून कळतं.

जेलचे दोष आहेतच. ओलं असताना दुधासारखं दिसतं, आणि पावसाळ्यात जाड थर आठवडाभर तसाच पांढुरका राहतो. वाळल्यावरही त्याला किंचित चिकटपणा असतो, त्यामुळे धूळ धरतो. वर पॉलियुरेथेन वार्निशचा एक हात आणि काचेचं झाकण, ह्याला पर्याय नाही. आणि बैठकीच्या कडेला पाण्याची खोली दिसत नाही, तिथे नुसती रंगवलेली भिंत राहते.

पण खोली किती दिसायला हवी, हाही प्रश्न आहेच. गेटवेहून घारापुरीच्या लाँचमध्ये बसून खाली पाहा. गढूळ, हिरवट-करडं पाणी, हातभर खालचं काही दिसत नाही. रेझिनमधलं तीन सेंटिमीटर नितळ निळं पाणी म्हणजे खऱ्या मापात दहा मीटर खोलवर आरपार दिसणारा समुद्र. तसे समुद्र जगात आहेत, पण मुंबईच्या बंदरात नाहीत. जेलखाली मी हिरव्यात थोडा मातकट रंग मिसळला, आणि पाहणाऱ्यांपैकी दोघांनी न सांगता विचारलं, ‘हे आपल्याकडचं पाणी ना?’

तुम्हाला पूर्ण बुडालेली पाणबुडी, खाली वाळू, वरून झिरपणारा उजेड असा देखावा करायचा असेल, तर रेझिनच घ्या, जेलच्या वाटेला जाऊ नका. तेव्हा कवच आतून आधीच भरा, भोकं उघडू नका, नुसती काळ्या रंगाने दाखवा, आणि फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत पातळ थरांनी ओता. पृष्ठभागावर चालणारी पाणबुडी असेल, तर मी फोमचा तुकडा आणायला सांगेन. माझी पुढची पाणबुडी आयएनएस वागली असेल, तीही फॉक्सट्रॉटच. तिची भोकं मी आतापासूनच उघडायला घेतली आहेत, सगळी, आरपार.