डफडं आणि किक: थर लावायचा की जोड द्यायचा?

वरातीच्या डीजेसाठी किंवा धुमालच्या (वरातीतल्या वाद्यपथकाच्या) पॅडसाठी बीट बांधताना नुसतं डफडं पुरत नाही. टिपरूचा (काडीचा) कडक आवाज येतो, पण बेसच्या पेट्या गप्प राहतात. नुसती रेडिमेड किक (बेस ड्रमचा ठोका) टाकली तर पेट्या हलतात, पण ती वरात कुठल्याही गावची वाटते. म्हणजे दोन सॅम्पल (रेकॉर्ड केलेले ठोके) एकत्र करायचेच आहेत. ते कसे करायचे, एवढंच ठरवायचं. एक तर दोन्ही एकदम वाजवून थर लावा, नाहीतर डफड्याच्या आवाजाचं डोकं, म्हणजे सुरुवात, कापून किकच्या शेपटीला जोड द्या.

थर सोपा दिसतो आणि बहुतेकांचं काम तिथंच बिघडतं. किकचा खालचा सूर 50 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे एक लाट 20 मिलिसेकंदांची. तिच्यावर त्याच सुराचा ढोल ठेवला आणि तो 10 मिलिसेकंद मागे पडला, तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो. मग दोन आवाज मिळून एकापेक्षाही बारीक ऐकू येतात. 20-30 मिलिसेकंदांच्या पुढे फरक गेला की एका ठोक्याचे दोन ठोके होतात. उपाय असा: वेव्ह मोठी करून दोन्हींचा पहिला चढ एका रेषेत आणा, मग एकाचा फेज (लाटेचा चढ-उतार) उलटा करून पाहा आणि जे भारी वाजेल ते ठेवा. डफड्याला 150 हर्ट्झच्या खाली हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा. फिल्टरनेही फेज सरकतो, म्हणून तो लावल्यावर रेषा पुन्हा तपासा. तंतोतंत जुळलेल्या दोन सारख्या लाटा 6 डेसिबलने वाढतात, तेव्हा आवाज आधीच उतरवून बेरीज उणे 6 वर ठेवा.

आणखी एक भानगड कुलरची. मे महिन्यात घरात रेकॉर्डिंग केलं तर प्रत्येक सॅम्पलमागे घरघर येतेच. तेवढ्याच जोराच्या, पण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या घरघरीचे दोन थर झाले की ती 3 डेसिबलने वाढते, चार झाले की 6 ने. लाईनची 50 हर्ट्झची गुणगुण तर थेट किकच्या जागेवर बसते. घाम आला तरी चालेल, कुलर बंद करूनच सॅम्पल घ्या.

जोड देताना डफड्याचे पहिले 30-40 मिलिसेकंद ठेवायचे आणि किकचा सुरुवातीचा टिक सोडून उरलेला भाग त्याला लावायचा. काप शून्य रेषेवर घ्या, मध्ये 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरत असताना दुसरा चढवणं) द्या, आणि दोन्ही लाटा सांध्यावर एकाच दिशेला जाताहेत हे बघा. नाहीतर तिथं टिचकी ऐकू येते. एका वेळी एकच आवाज वाजत असल्याने फेजचं भांडण फक्त सांध्यापुरतं उरतं. फाईलही एकच होते, त्यामुळे जुन्या मोबाईलवर ॲप अडखळत नाही. तोटा एवढाच की नंतर नुसतं डफडं कमी-जास्त करता येत नाही.

सुराच्या बाबतीतही जोड सरस ठरतो, आणि त्याचं कारण चामडं आहे. शेकोटीवर तापवलेलं डफडं चढतं, पावसाळी हवेत ते ढिलं पडतं. होळीला घेतलेलं सॅम्पल आणि पोळ्याला घेतलेलं सॅम्पल एका सुरात बसत नाही. थरात ही विसंगती पूर्ण ठोकाभर कानाला टोचते, तर जोडात डोकं इतकं छोटं असतं की सूर धड कळतच नाही. सुधारायचंच असेल तर साध्या पद्धतीने एक सेमीटोन (अर्धा सूर) चढवला की सॅम्पल 6 टक्क्यांनी आखूड होतं. दोन-तीन सेमीटोनपर्यंत निभतं, पुढे चामड्याचा डबा होतो.

तेव्हा मोठ्या सिस्टीमवरच्या वरातीसाठी जोडच द्या. गाण्यात कडव्यागणिक ठोक्याचा रंग बदलायचा असेल आणि ऐकणारा हेडफोनवर असेल, तर थर. खंजिरीला मात्र कापू नका. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे तिचा छनकार इथल्या कानांत बसलेला आहे. 40 मिलिसेकंदांवर तो तोडला की लगेच कळतं. तिला 300 हर्ट्झच्या खाली हाय-पास देऊन थरातच ठेवा.

बेंजोचा लूप वर चढवणार असाल तर आधी लांबी मोजा. 120 च्या लयीत चार-चार मात्रांचे चार बार 8 सेकंदांत संपतात. लूप 8.7 सेकंद भरला आणि सूर दीड सेमीटोन उतरला, तर 48 किलोहर्ट्झची (सेकंदाला 48 हजार नोंदींची) फाईल 44.1 समजून वाजते आहे. मोबाईलच्या व्हिडिओतून काढलेल्या आवाजाचं हे नेहमीचं दुखणं. फाईल आधी रूपांतरित करा, ताणत बसू नका.

सिनेमाच्या गाण्यातून तुकडे घेत असाल तर परवानगीही प्रत्येक तुकड्याची वेगळी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर 60 वर्षांचं संरक्षण आहे. ‘पाच सेकंद फुकट’ असा काही नियम नाही. गावातल्या डफडेवाल्याकडून वाजवून घेतलं तर त्याची संमती आणि पैसे आधीच ठरवा.

पेनड्राइव्हवर टाकण्याआधी सगळं मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐका. किक बारीक झाली तर फेज पुन्हा तपासा. जोडाची फाईल झाली तरी मूळ सॅम्पल पुसू नका. वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि नावातच लिहा: डफडं, तापवलेलं, होळी.