चिडवायचं, दटावायचं की ऐकून घ्यायचं? बालवाडीतल्या ‘लग्ना’ला मोठ्यांचं उत्तर

तीन ते सहा वर्षांचं मूल ‘मी हिच्याशीच लग्न करणार’ म्हणतं, तेव्हा त्याच्या लेखी लग्न म्हणजे रोज एकत्र खेळणं आणि शेजारी बसून डबा खाणं. याच वयात ते आईशी किंवा आजीशीही लग्न ठरवून टाकतं. हे बहुतेक पालकांना ठाऊक असतं. अडतं ते यावर बोलायचं काय, इथे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत तीन तऱ्हा दिसतात: दटावणं, चेष्टा करणं आणि साधेपणानं ऐकून घेणं.

दटावण्याचा निकाल लवकर लागतो. ‘असलं बोलायचं नसतं’ एवढं ऐकून मूल गप्प होतं, पण ‘असलं’ म्हणजे काय ते त्याला कळत नाही. उद्या कुणी नको तिथे हात लावला, तर तेही ‘असलं’च समजून ते पोटात ठेवू शकतं.

चेष्टेमागे मात्र माया असते, घर हसतं, मूलही हसतं. एखाद्या वेळच्या थट्टेनं बिघडत नसावं. पण आपल्या भागात आते-मामेभावंडांत लग्नं खरोखर होतात. ‘मामाची पोरगी तुझी बायको’ ही मोठ्यांची थट्टा असली, तरी मुलाला ते ठरलेलंच वाटतं.

माझं मत ठरलं ते वेगळ्याच त्रासामुळे. चेष्टा सुरू करणं आपल्या हातात असतं, थांबवणं नसतं. घरातली गोष्ट गल्लीत जाते, यात्रेच्या जेवणाला आलेला प्रत्येक पाहुणा ‘काय गा, बायको कुठं आहे तुझी?’ विचारतो, कुणीतरी त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवतं. दोन्ही मुलांच्या वाट्याला सारखं येतही नाही. मुलाचं कौतुक होतं, मुलीला ‘पोरांत खेळू नको’ ऐकावं लागतं. चार-पाच वर्षांपासून मुलं-मुली खेळात आपसूकच वेगळी होऊ लागतात, त्यात ही भर पडते. मग मुलगा तिचं नाव घेत नाही, शेजारी बसत नाही, कधी तिला ढकलतोही. चांगली मैत्री हकनाक जाते.

म्हणून माझा कल ऐकून घेण्याकडे. त्यात मजा कमी आणि धीर जास्त लागतो, हे मान्य. खाली बसून त्याचंच वाक्य परत म्हणायचं: ‘तुला ती खूप आवडते होय?’ मग एकच प्रश्न: ‘काय खेळता दोघं?’ तिथेच थांबायचं. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला त्याची उलटतपासणी होते आणि मूल मोठ्यांना हवं ते बोलू लागतं. उत्तरं बहुधा साधी निघतात: ती रंग देते, किंवा अंगणवाडीत सगळे कन्नड बोलतात आणि ती मराठी बोलते. लग्नाचा हट्टच धरला तर ‘लग्न मोठेपणी करतात, आता तुम्ही दोस्त’ एवढं पुरे.

पापा घेणं, मिठी मारणं यावर लाजवू नये. नियम सांगावा: ‘आधी विचार. नको म्हणाली तर टाळी दे.’ तिनं दुसरी मैत्रीण धरली आणि हा रडला, तर ‘दुसरी मिळेल’ म्हणण्यापेक्षा ‘वाईट वाटलं ना’ म्हणून जवळ घ्यावं. तिला परत बसवण्याची गळ टीचरना घालू नये.

टीचरनी जोडी तोडण्यासाठी दोघांनाच उठवलं तर सगळ्या वर्गाचं लक्ष तिकडे जातं. जागा बदलायच्या तर आठवड्याला सगळ्यांच्याच बदलाव्यात. गोकुळाष्टमीला त्याच दोघांना मुद्दाम राधा-कृष्ण करू नये. भातुकलीत बाहुला-बाहुलीचं लग्न खुशाल लावावं.

ऐकून घेण्याचा आणखी एक फायदा म्हणजे वेगळं काही असेल तर लवकर ध्यानात येतं. मूल मोठ्यांच्या शरीरसंबंधांची नक्कल वारंवार करत असेल, बळजोरी करत असेल, समोरचं मूल बरंच मोठं असेल किंवा ‘घरी सांगू नको’ असं कुणी बजावलं असेल, तर ते बालप्रेम समजू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं किंवा 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करावा.

राहिले पाहुणे. मुलाला आत पाठवून कुजबुजण्यापेक्षा त्याच्या देखतच म्हणावं, ‘आत्या, ती त्याची दोस्त आहे. यात्रेत पाळण्यात बसला का ते विचारा की त्याला.’