चौदा महिने मोझॅकचे: निपर, गोंद आणि तुळशीवृंदावन

गेल्या वैशाखात मोझॅक, म्हणजे काचेचे-टाइलचे तुकडे चिकटवून चित्र, करायला घेतलं. तेव्हापासून दोन ट्रे, एका आरशाची चौकट, दारावरची नावाची पाटी आणि अंगणातलं तुळशीवृंदावन एवढं हातून झालं. वृंदावन दोनदा करावं लागलं. सामानाबद्दल जे लिहिते आहे ते बहुतेक त्या दुसऱ्या वेळेनं शिकवलेलं आहे.

आधी निपर, म्हणजे टाइलचे तुकडे तोडायची पकड. सुरुवातीला गवंडी वापरतात ती साधी टाइल तोडायची पकड आणली होती. भिंतीची सिरॅमिक टाइल तिनं बरी तुटते, पण काचेचा पार भुगा होतो. चार तुकडे करायला जावं तर हाती एक लागायचा. दोन महिन्यांनी चाकाचा निपर मागवला. याला पात्यांच्या जागी टंगस्टन कार्बाइडच्या दोन गोल चकत्या असतात. टाइल पूर्ण आत सरकवायची नाही. कडेपासून दोन-तीन मिलिमीटरच चकत्यांत धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं टाइलला आधार द्यायचा, आणि मूठ अगदी टोकाशी धरून दाबायचं. टक् असा आवाज येतो आणि चीर चकत्यांच्या रेषेत सरळ पलीकडे जाते. मूठ मधे धरली तर तासाभरात मनगट भरून येतं.

या निपरची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे चकती एका जागी बोथट झाली की स्क्रू सैल करून ती जराशी फिरवायची, नवी धार मिळते. मी चकत्यांवर मार्करनं ठिपका केला आहे, म्हणजे कुठवर फिरवली ते कळतं. चौदा महिन्यांत पाऊण फेरा झालाय, चकत्या अजून बदललेल्या नाहीत. मात्र व्हिट्रिफाइड फरशीवर हा निपर वापरू नका. ती फरशी फार कडक असते, धार जाते आणि हातही दुखतो. डोळ्यांना चष्मा हवाच. काचेची कपची कुठे उडेल ते सांगता येत नाही. आणि टेबलावरचा चुरा तळहातानं कधी लोटू नये, ओल्या फडक्यानं टिपावा.

काचेच्या टाइल्स २० मिलिमीटर चौरस, सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या घेते. पूर्ण तावावर १५ गुणिले १५ म्हणजे २२५ येतात. पोहण्याच्या तलावासाठी येतात त्याच या, त्यामुळे ऊनपावसाचं भय नाही. त्यांच्या जोडीला टाइलच्या दुकानातला फुटका माल आणि आईच्या जुन्या काचेच्या बांगड्या. बांगडीचा तुकडा आयती कमान देतो, वेल काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त तो टाइलपेक्षा बारीक असतो, म्हणून खाली चिकटवायचा मसाला थोडा जास्त ठेवावा, नाहीतर सांधे भरताना बुडून जातो.

आता गोंद. ट्रे आणि चौकट मी लाकडाला लावतात त्या पांढऱ्या गोंदानं केली. घरातल्या कोरड्या वस्तूंना तो उत्तम, आजही एक तुकडा हललेला नाही. त्याच भरवशावर ज्येष्ठात वृंदावन केलं. तुळशीला रोज पाणी, वर पाऊस. श्रावणात काचेमागचा गोंद दुधासारखा पांढरा झाला आणि भाद्रपदात पुढच्या बाजूची कमळाची पाकळी अख्खी हातात आली. मला रडू आलं. तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून केलेलं काम होतं ते.

शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर चायना मोझॅक करणाऱ्या मिस्त्रीकाकांना दाखवलं. त्यांनी एक तुकडा नखानं उचलून बघितला. "ताई, हा गोंद पाणी पिऊन परत मऊ होतो. इथं सिमेंटचाच मसाला पाहिजे," ते म्हणाले. त्यांच्या गच्चीवरची ती पांढरी तुकड्यांची फरशी गळती थांबवायलाच करतात, तेव्हा पाण्याबद्दल त्यांचंच ऐकायचं ठरवलं.

दुसऱ्या वेळी पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा टाइल अॅडेसिव्ह घेतला, आणि मुद्दाम पांढरा. काच पारदर्शक असते, मागून करडा रंग दिसला तर पिवळा मळकट होतो आणि निळा काळवंडतो. साध्या सिमेंटच्या मालात सिरॅमिकचे तुकडे आधी भिजवावे लागतात, नाहीतर ते मालातलं पाणी ओढून घेतात. या अॅडेसिव्हला ती गरज पडली नाही. एका वेळी वीतभर जागेवरच लावते, कारण वर साय धरली की तुकडा पकडत नाही.

कमळ या वेळी उलट्या पद्धतीनं केलं. खाकी कागदावर तुकडे पालथे, मैद्याच्या खळीनं चिकटवले, मग अख्खा कागद वृंदावनावर दाबून बसवला. दुसऱ्या दिवशी कागद ओला केला की खळ सुटते आणि चित्र वर येतं. यात चित्र उजव्याचं डावं होतं, तेव्हा अक्षरं असतील तर कागदावर उलटी काढा. पाटीला मी म्हणूनच सरळ पद्धत ठेवली.

सांधे भरायला बारीक, वाळूविरहित ग्राउट, कारण माझ्या फटी दोन मिलिमीटरच्या आत असतात. श्रीखंडाइतका घट्ट कालवायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजनं पुसायचा. स्पंजात पाणी जास्त राहिलं तर सांध्यातला माल धुपून निघतो. रंगात मी पांढऱ्यावरून गडद करड्यावर आले. पांढऱ्यात रंग फिके पडतात, करड्यात तेच लाल-हिरवे उठून दिसतात. ग्राउट वाळल्यावर फिका होतो, म्हणून आधी एका फुटक्या टाइलवर लावून वाळवून बघते. बादलीतलं पाणी मोरीत ओतू नका, सिमेंट पाइपात बसतं. रात्रभर ठेवलं की तळाशी बसतं, मग वरचं पाणी बागेच्या कडेला आणि खालचा गोळा कचऱ्यात.

वृंदावन तुळशीच्या लग्नाआधी दोन दिवस पुरं झालं. आता आषाढ लागलाय, महिनाभर पाऊस आहे. रोज सकाळी पाणी घालताना कमळाच्या पाकळ्यांवरून अंगठा फिरवून बघते. सगळ्या जागच्या जागी आहेत.