पीएचडीची दोन पत्रं हातात आहेत: युनियन असलेलं विद्यापीठ घ्यावं की नसलेलं?

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मला असे दोन-चार फोन येतात. कुणाचा भाचा असतो, कुणाच्या शेजारची मुलगी. "काका, अमेरिकेत दोन ठिकाणी पीएचडीला घेतलंय. एक ३६ हजार डॉलर देतंय, दुसरं ३२. कुठं जाऊ?" रँकिंग, ॲडव्हायझरचा स्वभाव, थंडी, जवळ देशी किराणा दुकान आहे का, हे सगळं विचारून झालेलं असतं. तिथं टीए-आरएंची, म्हणजे शिकवायला आणि संशोधनाला मदत करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांची, युनियन आहे का, हे मात्र कुणीच विचारलेलं नसतं. मी विचारलं की पलीकडून हसू ऐकू येतं. युनियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गिरणी येते, एसटी येते, बँक येते. प्रयोगशाळेत पिपेट धरून उभा असलेला मुलगा येत नाही.

मग मी त्यांना निवासी डॉक्टरांच्या 'मार्ड' या संघटनेची आठवण करून देतो. निवासी डॉक्टर शिकत असतो आणि वॉर्डही तोच सांभाळत असतो; त्याला मिळतं ते विद्यावेतन, पण त्यानं काम थांबवलं की रुग्णालय अडतं. अमेरिकेतला ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे हाच टीए किंवा आरए, त्याच कुळीतला. पदवीच्या पोरांचे तास घेणं, पेपर तपासणं, प्रयोग चालवणं हे सगळं त्याच्याकडे असतं.

माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढी वजावट करता येईल. मी युनियन नसलेल्या एका सरकारी विद्यापीठात पाच वर्षं काढली. पहिला पगार ऑक्टोबर संपता संपता आला. घरभाडं १ सप्टेंबरपासून सुरू होतं. विभाग म्हणाला पेरोलला विचारा, पेरोल म्हणालं इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. दोन महिने रूममेटच्या क्रेडिट कार्डावर काढले. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पण उशीर झाला तर जबाबदार कोण, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

विद्यापीठाच्या नावाआधी राज्याचं नाव बघा

नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक आणि चॅपल हिल ही दोन विद्यापीठं गाडीनं अर्ध्या तासाच्या आत आहेत. भाडी साधारण सारखीच, बास्केटबॉलचं वैर जगजाहीर. ड्यूक खासगी आहे, त्यामुळे त्याला केंद्राचा १९३५चा कामगार कायदा लागू होतो. ऑगस्ट २०२३मध्ये तिथल्या पीएचडी विद्यार्थ्यांनी १००० विरुद्ध १३१ मतांनी युनियन निवडली. चॅपल हिल सरकारी आहे. सरकारी नोकर त्या केंद्रीय कायद्यात बसत नाहीत, त्यांना राज्याचा कायदा. आणि या राज्याच्या १९५९च्या कायद्यानुसार सरकारी संस्थेनं युनियनशी केलेला करारच रद्दबातल ठरतो. तिथं युनियनचे सभासद होता येतं, सभा घेता येतात, निवेदनं देता येतात; करार तेवढा मिळत नाही.

टेक्साससुद्धा याच बाजूला. विस्कॉन्सिनची गोष्ट तर चटका लावणारी आहे. अशा युनियनांमधली सगळ्यात जुनी, १९६६ची, मॅडिसनमधली. १९७०मध्ये संप करून त्यांनी करार मिळवला. पुढं २०११मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सरकारी नोकरांचा वाटाघाटीचा हक्क जवळपास संपवणारा कायदा आणला. याच टीएंनी व्हॅलेंटाइन डेला त्यांच्या कार्यालयात शुभेच्छापत्रांचा ढीग नेऊन दिला, मग विधानभवनातच मुक्काम ठोकला. कायदा झालाच. संघटना आजही आहे, करार गेला.

याउलट कॅलिफोर्निया, मिशिगन, इलिनॉय, ओरेगन, न्यू जर्सी. इथं सरकारी विद्यापीठांत अनेक वर्षं करार चालत आले आहेत. मिशिगनच्या ॲन आर्बरमध्ये तर १९७५पासून.

खासगी विद्यापीठांचं गणित जरा लटकतं आहे. केंद्राचं कामगार बोर्ड २०००मध्ये म्हणालं, ग्रॅज्युएट असिस्टंट हे कर्मचारी आहेत. २००४मध्ये म्हणालं, नाहीत, हे विद्यार्थी. २०१६च्या कोलंबिया प्रकरणात पुन्हा म्हणालं, कर्मचारी. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीनं २००२मध्ये करार केला, २००५मध्ये तो संपल्यावर युनियनला मानायचंच बंद केलं आणि २०१३मध्ये पुन्हा मान्यता दिली. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. तेवढ्यात राष्ट्राध्यक्ष बदलतो, बोर्डाचे सदस्य बदलतात आणि वारं फिरू शकतं. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी बोर्डाच्या एका सदस्याला काढल्यावर निकाल द्यायला लागणारी सदस्यसंख्याच उरली नव्हती. झालेला करार मुदतीपर्यंत टिकतो, पण नव्यानं उभी राहणारी युनियन अशा वेळी बोर्डाकडे जायलाही कचरते.

म्हणून स्थैर्य हवं असेल, तर माझ्या मते क्रम असा: अनुकूल राज्यातलं सरकारी विद्यापीठ, मग करार झालेलं खासगी, मग नुसतं मतदान झालेलं खासगी, आणि शेवटी कराराला बंदी असलेल्या राज्यातलं सरकारी.

पत्रातला आकडा कसा वाचायचा

३६ हजार आणि ३२ हजार यांची सरळ वजाबाकी करू नका. आधी बघा, आकडा नऊ महिन्यांचा आहे की बाराचा. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२च्या संपानंतर अर्धवेळ टीएचा किमान पगार साधारण २३ हजारांवरून ऑक्टोबर २०२४पर्यंत ३४ हजारांवर गेला, बर्कली आणि लॉस एंजलिसला ३६,५००वर. पण हे नऊ महिन्यांचे. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या २०२४च्या करारातले ४५ हजार बारा महिन्यांचे. उन्हाळ्यात काय खायचं, हा प्रश्न पहिल्या ठिकाणी उरतो, दुसऱ्या ठिकाणी नाही. (बॉस्टनचं भाडं ऐकलंत की मात्र गप्प बसाल.)

दुसरं, ट्यूशन माफ म्हणजे सगळं माफ नव्हे. इंडियाना युनिव्हर्सिटीत २०२२च्या वसंतात संप झाला, त्यात मोठा राग फीचा होता: स्टायपेंड एका हातानं द्यायचा आणि सक्तीची फी, वर परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी फी, दुसऱ्या हातानं काढून घ्यायची. तिथं विद्यापीठानं युनियनला मान्यता दिलेली नव्हती.

खर्चाची बाजूही आहे. मोटार कामगारांच्या यूएडब्ल्यू युनियनची वर्गणी पगाराच्या १.४४ टक्के. तिचे जवळपास लाखभर सभासद आता विद्यापीठांतले आहेत. आपल्या शेतकरी संघटनेत प्राध्यापकांनी रांगा लावाव्यात तसं काहीसं. ३६ हजारांवर ही वर्गणी वर्षाला पाचशे डॉलरच्या आसपास जाते, आणि पहिला करार मंजूर झाल्यावरच सुरू होते. सरकारी विद्यापीठात २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती देणं पूर्ण ऐच्छिक आहे. खासगीत बऱ्याच राज्यांत सभासद नसलात तरी काही रक्कम कापली जाऊ शकते. पाचशे डॉलर म्हणजे मुंबईच्या तिकिटाचा निम्मा-पाऊण भाग, ते काही थोडे नाहीत. पण कराराबरोबर तक्रारीची ठरलेली वाट मिळते: किती दिवसांत कुणी उत्तर द्यायचं आणि नाही दिलं तर प्रकरण बाहेरच्या लवादाकडे कसं जायचं. कोलंबियात दहा आठवड्यांचा संप झाला, त्यात छळ आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी तटस्थ लवाद ही एक मोठी मागणी होती. तुमचा पगार, संशोधन आणि शिफारसपत्र एकाच माणसाच्या मुठीत असतं, तेव्हा या कलमाची किंमत कळते.

संप झाला तर?

आई-वडिलांचा खरा प्रश्न हा असतो. इथं मी फक्त एक गोष्ट मोजायला सांगतो: तुमच्याबरोबर आणखी कोण थांबतं?

रटगर्समध्ये एप्रिल २०२३ला कायम प्राध्यापक, कंत्राटी शिक्षक आणि ग्रॅज्युएट असिस्टंट एकत्र बाहेर पडले. गव्हर्नरनी दोन्ही बाजूंना बोलावून घेतलं आणि पाच दिवसांत संप थांबला. असिस्टंटांचा पगार कराराच्या मुदतीत ४० हजारांवर नेण्याचं ठरलं. बॉस्टन युनिव्हर्सिटीत ग्रॅज्युएट कामगार बहुतांशी एकटे होते. मार्च २०२४मध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत, जवळपास सात महिने चालला. टेम्पलमध्ये २०२३ला विद्यापीठानं संपकऱ्यांची ट्यूशन माफी आणि आरोग्यविमा दोन्ही काढले. अमेरिकेत विम्याविना राहणं म्हणजे काय, ते तिथं एकदा दात दुखलेल्यालाच विचारा. ४२ दिवसांनी करार झाला. ॲन आर्बरमध्ये २०२३ला पाच महिने लागले. सरकारी नोकरांच्या संपाला तिथं कायद्याची मनाई, तरी न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला नाही. हाती आली ती तीन वर्षांत ८, ६ आणि ६ टक्के पगारवाढ.

येलमध्ये ग्रॅज्युएटांची युनियन ज्या महासंघात आहे त्यातच तिथले कारकून, तंत्रज्ञ आणि जेवणघरातले कामगार आहेत. जानेवारी २०२३मध्ये मतदान १८६० विरुद्ध १७९, त्याच डिसेंबरात करार. त्याआधी तीसेक वर्षं नकार ऐकला होता, हेही खरं. पण ताटात वाढणाऱ्या बाई आणि पेपर तपासणारा मुलगा एका महासंघात असले, की व्यवस्थापनाला दोघांचा विचार एकदम करावा लागतो.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात जड मुद्दाही बॉस्टनचाच. करार झाल्यावर महिन्याभरात तिथं इतिहास, इंग्रजी अशा डझनभर विषयांत पुढच्या वर्षाचे पीएचडी प्रवेश थांबवल्याची बातमी आली, आणि आतल्या पत्रव्यवहारात कराराच्या वाढीव खर्चाचा उल्लेख होता. आत असलेल्यांचं भलं झालं, दारात उभे असलेले बाहेर राहिले. मानव्यविद्येत जाणाऱ्यांनी हे डोळे उघडे ठेवून बघावं. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी २०२४मध्ये युनियन मतदानानं नाकारली, तेही त्यांच्या दृष्टीनं वेडेपणाचं नव्हतं. जिथं स्टायपेंड आधीच तगडा आहे तिथं 'आहे ते बिघडू नये' असं वाटतंच.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेही कॅम्पसवरच. टीएचं काम बहुतेक ठिकाणी तेवढे तास खाऊन टाकतं. अमेरिकन सहाध्यायी अडला तर संध्याकाळी शिकवण्या घेतो, गाडी चालवतो. तुम्हाला दुसरी वाट नाही. म्हणून पत्रातला आकडा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आणि तो एकतर्फी बदलता येऊ नये हे त्याहून. युनियनमध्ये जाण्याचा हक्क नागरिकांइतकाच तुमचा. संपात पगार थांबतो. व्हिसाचं स्टेटस राहण्यासाठी पूर्णवेळ नोंदणी टिकवणं महत्त्वाचं, म्हणून ट्यूशन माफीवर घाला आला तर नोंदणी कशी टिकेल हे आधी विचारून ठेवा.

पण कामाच्या अटींसाठीचा संप आणि रस्त्यावरचं राजकीय आंदोलन यांत फरक करा. २०२५च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसा नोंदी अचानक रद्द झाल्या आणि एप्रिलअखेर पुन्हा सुरू झाल्या. कोलंबियानं तर आपल्या विद्यार्थी-कामगार युनियनच्या अध्यक्षालाच, २०२४च्या आंदोलनातल्या सहभागावरून, वाटाघाटी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी विद्यापीठातून काढून टाकलं. तो नागरिक होता. तुम्ही नाही.

मग कुठं जायचं? ॲडव्हायझर खरोखर उत्तम असेल, तर टेक्सासलाही जा; चांगल्या गुरूची जागा कुठलंही कलम भरून काढत नाही. ॲडव्हायझरची नीट ओळख नसेल, किंवा पहिल्या वर्षी तीन लॅबमधून एक निवडायची असेल, तर करार असलेलं ठिकाण घ्या, वर्षाला दोन-तीन हजार कमी मिळत असले तरी. जोडीदार आणि मूल बरोबर असेल तर त्याहून ठामपणे सांगतो: कुटुंबाचा विमा आणि पाळणाघराची मदत करारात लिहिलेली आहे का ते बघा.

बहुतेक विद्यापीठं स्टायपेंडसह आलेल्या पत्राचं उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. त्याआधी दोन्ही विभागांत सध्या शिकणाऱ्या एखाद्या मराठी किंवा निदान देशी मुलाला गाठा आणि एवढंच विचारा: पहिल्या सत्रात पगार कोणत्या तारखेला आला, फी म्हणून किती कापलं, आणि मागे कधी बिनसलं तेव्हा कुणाकडे गेलास? तिसऱ्या प्रश्नाला तो लगेच एखादं नाव सांगतो की थोडा वेळ विचारच करत बसतो, तेवढं लक्षात ठेवा.