बिनबोल्टाचा ब्रेकर, अकराशे तास चालवून झाल्यावर

आधीच सांगतो, मी घेतलेल्या ब्रेकरच्या (म्हणजे मशीनला लावायचा दगड फोडणारा हातोडा) कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, लिहिलं की लोकांना वाटतं डीलरने डिझेलची टाकी फुल करून दिली. मला बोलायचंय ते त्याच्या बनावटीबद्दल.

आमचे दोन बॅकहो आहेत (कुठल्याही कंपनीचा असला तरी गावात जेसीबीच म्हणतात), जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात पाइपलाइनचे चर, घराचे पाये, शेततळ्याचे कोपरे असली कामं चालतात. वरचा मुरूम बकेटने निघतो, खाली मांजऱ्या, म्हणजे मऊ खडक, लागतो तोही कसाबसा निघतो, पण एकदा काळा कातळ लागला की ब्रेकरशिवाय इलाज नाही. आपला हा लाव्ह्याचा दगड, फट सापडली तर ढलपा निघतो, नाहीतर नुसती पांढरी पूड उडते आणि छिन्नी तापते.

जुना ब्रेकर होता तो चार बोल्टवाला. ज्यांनी उघडलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, वर नायट्रोजन भरलेलं डोकं, मधे सिलेंडर, खाली छिन्नी धरणारा भाग, हे तीन तुकडे एकावर एक ठेवून चार लांब बोल्टनी आवळलेले असतात, त्यांना टाय रॉड म्हणतात. पिस्टन मिनिटाला शेकडो ठोके मारतो आणि प्रत्येक ठोक्याला ते बोल्ट ताणले जातात. त्यात दगड फुटला, छिन्नीखालचा आधार गेला आणि ऑपरेटरने पेडलवरचा पाय उचलायला उशीर केला की झाला रिकामा ठोका, म्हणजे दगडात जायचा दणका छिन्नी अडकवणाऱ्या पिनांवर आणि या बोल्टांवर बसतो. बोल्ट सैल झाला की तुकड्यांचे सांधे एकमेकांवर घासायला लागतात, आणि घासलेला सांधा पुन्हा कितीही आवळा, पहिल्यासारखा बसत नाही.

मागच्या मे महिन्यात एका द्राक्षबागेत पाइपलाइनचा चर चालू होता, पाऊस यायच्या आत पुरा करायचा होता. दुपारी ऑपरेटरचा फोन, "शेठ, आवाज बदलला." फोन ब्रेकरकडे धरून ऐकवलापण, नेहमीचा टणटण नाही, भसाडा, फुटक्या हंड्यासारखा. जाऊन बघतो तर एक बोल्ट आट्यापाशी तुटलेला. आता एक तुटला म्हणून एकच बदलून भागत नाही, बाकीचे तीन तेवढेच ताणलेले असतात, आज ना उद्या तेही जाणार, म्हणून चारही बदलावे लागतात. बोल्ट यायला तीन दिवस, मशीन उभं, ऑपरेटरचा पगार चालू, आणि बागवाले काका सकाळ-संध्याकाळ फोन करून "काय झालं रे बाबा आपल्या चराचं?"

त्या तीन दिवसांत ठरवलं की पुढचा ब्रेकर बिनबोल्टाचा. ही काही माझी शोधाशोध नाही हो. जर्मनीच्या क्रुपने 1967 ला एचएम 400 नावाचा हायड्रॉलिक ब्रेकर आणला, तो धंदा पुढे अ‍ॅटलस कॉप्कोकडे गेला, आणि 2018 पासून तो एपिरॉक या वेगळ्या कंपनीत आहे, त्यांची एसबी सिरीज याच पद्धतीची, म्हणजे ठोका मारणारा भाग आणि छिन्नी धरणारा भाग एकाच अखंड ठोकळ्यात. आता तशी बनावट इतरही बनवतात.

माझा आहे तीनशे किलोच्या आसपासचा. टाय रॉड नाही, दोन्ही बाजूंच्या जाड प्लेटाही नाहीत, त्यामुळे अंगाने सडपातळ, दोन फुटी चरात सरळ उतरतो. आत हलणारं म्हणाल तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह, बास. अकराशे तासांत एकदाही बोल्टच्या नावाने पाना हातात घेतला नाही, कारण आवळायला काही ठेवलेलंच नाही!

पण मला खरा आवडला तो खालचा बुश. छिन्नी ज्यातून खालीवर होते ती ही कडी, ती झिजली की छिन्नी तिरकी होते, पिस्टन तिच्या कडेवर बसतो आणि मग पिस्टनचंच तोंड फुटतं, तिथे खरा खर्च. जुन्यात बुश ठोकून घट्ट बसवलेला, काढायला वर्कशॉपला न्यायचा, आतून वेल्डिंगच्या रेघा मारायच्या म्हणजे गार होताना तो आकसतो आणि मग निघतो, अर्धा दिवस गेला. याच्यात एक पिन ठोकून काढली की बुश हातात. बांधावर, कडुलिंबाखाली, तासाभरात बदलला आम्ही, तोही गप्पा मारत.

आता तक्रारी. किंमत जास्त आहे, मला चांगलीच टोचली. आवाज जुन्यापेक्षा मोठा, वस्तीत सकाळी लवकर चालू केला की शिव्या ठरलेल्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सिलेंडरमधे ओरखडे पडले तर जुन्यात तेवढा तुकडा बदलता येतो, इथे अख्खा ठोकळाच गेला. म्हणून हायड्रॉलिक ऑइल आणि फिल्टरला कंजूषी करणाऱ्याने याच्या नादी लागू नये.

आणि ग्रीस काही सुटत नाही. दर दोन तासांनी मारायचं, तेही छिन्नी जमिनीवर दाबून, ब्रेकर सरळ उभा करून. लटकत ठेवून मारलं तर ग्रीस छिन्नी आणि पिस्टनच्या मधे भरतं आणि पुढच्या ठोक्याला सील उडतं. साधं चाकाचं ग्रीस नको, ते तापून तुपासारखं खाली गळतं, छिन्नीचं वेगळं मिळतं तेच घ्या. एका जागी वीस-पंचवीस सेकंदात दगड नाही फुटला तर जागा बदला, नाहीतर छिन्नीचं टोक मऊ होऊन पसरतं. आमचा ऑपरेटर फुटलेला ढलपा छिन्नीनेच उचकटायचा, पहार असल्यासारखा, त्याला दहा वेळा सांगितलं, शेवटी खरी पहार केबिनमधे ठेवली आणि म्हटलं उतरून हिने कर, तेव्हा कुठे बंद झालं.

पाचपैकी चार देईन, एक कापला किमतीचा. जुना ब्रेकर शेडमधे पडून आहे, कोणाला हवा असेल तर द्यायचाय, चारही बोल्ट नवे आहेत.